भाजलेला पाय पुन्हा चालता करताना: ठाणे-कल्याण पट्ट्यातील ताण-उपचारांचा इतिहास

पायाला खोलवर भाजले तर जखम भरून यायला काही आठवडे पुरतात. भरलेला व्रण मऊ आणि स्थिर व्हायला मात्र एक ते दोन वर्षे लागतात. चालणे टिकते किंवा जाते ते या मधल्या काळात. जखम भरत असताना तिच्यातल्या काही पेशी स्नायूसारख्या आकसतात आणि कडा आत ओढून घेतात. उघडी जागा लहान करण्याची ही शरीराची रीत आहे. पाठीवर किंवा पोटावर त्याने फारसे बिघडत नाही. गुडघ्यामागे, घोट्याशी किंवा जांघेत मात्र हीच ओढ सांधा वाकवून ठेवते.

गुडघ्यामागची कातडी आकसली की पाय सरळ होत नाही. तो पाय आखूड पडतो आणि माणूस लंगडतो. पोटरीच्या खाली, टाचेच्या वर व्रण असेल तर टाच जमिनीला टेकत नाही, सगळा भार चवड्यावर येतो. पावलाच्या वरच्या बाजूला भाजले तर उलट घडते: बोटे वर ओढली जातात आणि साधी चप्पलही पायात बसत नाही. जांघेतल्या व्रणाने कंबर पुढे वाकते. दोन्ही मांड्या आतून भाजल्या असतील तर पाय एकमेकांकडे खेचले जातात आणि लांब पाऊल टाकता येत नाही. यावरचा उपाय सांगायला सोपा आणि करायला कठीण आहे. आकसणाऱ्या व्रणाला रोज, पुन्हा पुन्हा, सावकाश ताण द्यायचा आणि मधल्या वेळात सांधा त्याच ताणलेल्या स्थितीत आधाराने ठेवायचा. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या रुग्णांपर्यंत हा उपाय आला तो मुंबईच्या रुग्णालयांतून, आणि बराच उशिरा.

भाजल्यानंतर अंग वाकडे होते हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या अतिदग्धात शिरा, स्नायू, सांधे आणि हाडे यांची हानी होते, जखम उशिरा भरते, असे वर्णन आहे. युरोपात विल्हेल्म फाब्री या जर्मन शल्यवैद्याने १६०७मध्ये भाजण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भाजल्यामुळे आखडलेला लहान मुलाचा हात हळूहळू सरळ करण्याचे एक साधन त्याने त्यात चित्रासह दाखवले. आजच्या स्प्लिंटमागचा, म्हणजे सांधा ताणलेल्या स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधारामागचा, विचार त्यात स्पष्ट दिसतो: एकदाच जोराने ओढायचे नाही, थोडा ताण सतत द्यायचा.

घरगुती उपचारांत मात्र हा विचार नव्हता. तूप, मध, कोरफड, हळद, खोबरेल तेल हे सगळे जखमेसाठी होते. सांध्यासाठी काहीच नव्हते. उलट भाजलेल्याची काळजी घेणारे घर नकळत सांधा आखडायलाच मदत करत असे. गुडघा वाकवून ठेवला की दुखणे कमी होते, म्हणून गुडघ्याखाली उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवली जाई. भाजलेल्या माणसाला उठवू नये, चालवू नये, हीच माया समजली जाई. ज्या स्थितीत आराम वाटतो त्याच स्थितीत सांधा आखडतो, हे भाजोपचारातले पहिले सूत्र आहे, आणि ते मायेच्या विरुद्ध जाते. ही चूक निष्काळजीपणातून होत नाही, जिव्हाळ्यातून होते. म्हणूनच ती दूर करणे अवघड ठरते.

या भागात पाय भाजण्याची कारणे काळाबरोबर बदलत गेली. जमिनीलगतची चूल, न्हाणीघरातला बंब आणि कढत पाण्याने भरलेले घंगाळ यांमुळे लहान मुलांचे पाय पोळत. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर हिवाळ्यात शेकोटीची भर पडे. मग चाळीच्या एका खोलीत रॉकेलचा स्टोव्ह आला. पंपाच्या स्टोव्हचे छिद्र चोंदले, पिन मारताना रॉकेल उसळले किंवा पेटत्या स्टोव्हमध्येच रॉकेल ओतले, की भडका उडे. स्टोव्ह जमिनीवर आणि बाई त्याच्यासमोर बसलेली. त्यामुळे ज्वाळा आधी निऱ्यांना, मग मांड्यांना आणि पोटाला लागत. सुती लुगड्यांची जागा नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्यांनी घेतल्यावर जखमा आणखी खोल झाल्या, कारण हे कापड वितळून कातडीला चिकटते. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५मध्ये ‘बर्शेन’ या नावाने आला, पण उपनगरांपलीकडच्या चाळींतून पुढची कित्येक वर्षे रेशनचे रॉकेलच जळत राहिले.

स्टोव्हच्या भडक्यांत अपघात किती आणि छळ किती, हा प्रश्न या इतिहासातून बाजूला काढता येत नाही. विवाहितेच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३मध्ये दंडविधानात आले, त्यामागे देशभरातल्या अशाच घटना होत्या. वाचलेल्या बाईच्या चालण्याशीही त्याचा थेट संबंध आहे. व्रणाला वर्षभर ताण द्यायचा तर कोणाचा तरी हात लागतो, वेळ लागतो, आणि घरकामातून सुटका लागते. ज्या घरात ती भाजली त्याच घरात परतणाऱ्या बाईला यांतले काय मिळणार, हे कोणत्याही उपचारपत्रिकेत लिहिलेले नसते.

बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ला धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून या पट्ट्यातला गंभीर रुग्ण मुंबईकडे जात राहिला. जे. जे. रुग्णालय १८४५पासून होते. परळचे केईएम १९२६मध्ये उघडले, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७मध्ये. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय इथे पहिली मलमपट्टी होई. खोल जळिताचा रुग्ण पुढे पाठवला जाई. जीव वाचवायला ही व्यवस्था कशीबशी पुरत असे. ताण-उपचाराला ती मुळीच पुरत नव्हती, कारण तो रोजचा उपचार आहे आणि वाकलेल्या गुडघ्याने रोज गर्दीच्या लोकलमध्ये चढता येत नाही.

मुंबईत सांध्यांना शास्त्रशुद्ध ताण देण्याचे शिक्षण सुरू झाले त्यामागे भाजण्याचे नव्हे, तर पोलिओचे निमित्त होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत पोलिओची मोठी साथ आली आणि पाय लुळे पडलेल्या शेकडो मुलांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९५०मध्ये केईएममध्ये व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, देशातली पहिली शाळा निघाली. ती उभी केली कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन आणि क्वेकर पंथाच्या असलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी झालेल्या विवाहामुळे भारतात आल्या आणि कमला या नावाने इथल्याच झाल्या. त्यांच्या शाळेपाठोपाठ तिथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ची. तिच्या उभारणीत संयुक्त राष्ट्रसंघाचे साहाय्य होते. या दोन शाखांची वाटणी भाजलेल्या पायाच्या बाबतीत आजही दिसते. सांध्याला ताण देणे, स्नायूंना बळ आणणे आणि चालायला शिकवणे हे फिजिओथेरपिस्टचे काम. स्प्लिंट बनवणे आणि अंघोळ, कपडे, स्वयंपाक पुन्हा जमवून देणे हे व्यवसायोपचारतज्ज्ञाचे.

प्लास्टिक सर्जरीही याच दशकात महाराष्ट्रात रुजली. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बाळकृष्णन यांनी १९५८मध्ये देशातला पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी हा विषय वाढवला. प्लास्टिक सर्जरीचे प्रणेते सर हॅरल्ड गिलीस यांच्या हाताखाली शिकून आलेल्या अंटियांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रियेइतकीच तिच्या आधीची आणि नंतरची कसरत मोलाची असते, हा धडा त्या कामातून पक्का झाला. पुढे १९७५मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढली आणि साधे उपचार गावातल्या सामान्य बायकांच्या हाती द्यावेत असा आग्रह धरला. भाजलेल्या पायाच्या बाबतीत हा आग्रह किती योग्य होता, ते कल्याणपलीकडच्या कोणत्याही रुग्णाकडे पाहून पटते.

जगभर भाजोपचाराचे शास्त्र याच काळात बदलत होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथे शल्यवैद्य आर्चिबाल्ड मॅकिन्डो भाजलेल्या वैमानिकांना मिठाच्या कोमट पाण्यात बसवत; त्यात पट्ट्या न दुखता सुटत आणि सांधेही हलवता येत. युगोस्लाव्हियातील मारिबोरच्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी १९७०मध्ये एक नवी पद्धत मांडली: जळलेली कातडी आपोआप गळून पडण्याची वाट न पाहता ती पहिल्या काही दिवसांतच पातळ थरांनी कापून काढायची आणि लगेच त्वचारोपण करायचे. जखम लवकर झाकली की व्रण कमी आकसतो. १९७१मध्ये गाब्बियानी आणि मायनो या शास्त्रज्ञांच्या गटाने जखमेत आकसणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या आणि त्या ओढीचे कारण कळले. अमेरिकेत गॅल्व्हस्टन येथे भाजलेल्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. डुएन लार्सन यांच्या चमूला दिसले की, स्प्लिंटवर घट्ट बांधलेल्या लवचीक पट्टीखालचा व्रण सपाट होतो. व्रणावर सतत दाब ठेवणाऱ्या घट्ट कपड्यांचा, म्हणजे दाबाच्या कपड्यांचा, उपयोग तिथून वाढला.

मुंबईने या शास्त्रात स्वतःची भर घातली, आणि ती स्वस्त साधनांची होती. वाडिया बाल रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली. तिच्याविषयीचे त्यांचे लेखन १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान वापरून तसाच प्रयोग केला. त्याच रुग्णालयात त्यांच्या पुढाकाराने २०००मध्ये दान केलेली त्वचा साठवणारी त्वचापेढी उभी राहिली. साल काय किंवा पान काय, जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना यातना कमी होतात. ज्या रुग्णाची पट्टी न रडता निघते, तो त्यानंतर पाय हलवायला तयार असतो. या शोधांचे कौतुक स्वस्ताईसाठी झाले. सांधे मोकळे ठेवण्यात त्यांचा वाटा तितकाच मोठा आहे.

आजचा क्रम पहिल्या दिवसापासून सुरू होतो. गुडघ्याखाली उशी नसते. पाय सरळ आणि एकमेकांपासून थोडे दूर, पाऊल पोटरीशी काटकोनात आणि त्याला फळीचा किंवा प्लास्टरच्या पाटीचा आधार. दिवसातून काही वेळ पालथे झोपवतात म्हणजे जांघ सरळ राहते. पाय बाहेरच्या बाजूला कलंडू देत नाहीत. तसे झाले तर गुडघ्याच्या बाहेरून जाणारी नस दबते आणि पाऊल लुळे पडते. त्वचारोपण झाले की सुमारे पाच दिवस ती जागा स्थिर ठेवतात. मग हालचाल पुन्हा सुरू होते. पहिल्यांदा उभे करण्याआधी पावलाच्या बोटांपासून वरपर्यंत क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखे गुंडाळतात, कारण नव्या कातडीतल्या नाजूक रक्तवाहिन्यांवर पाय खाली सोडताच रक्ताचा भार येतो. बँडेज नसेल तर कातडी निळसर पडते, फोड येतात आणि रोपण वाया जाऊ शकते. पावले आधी समांतर दांड्यांमध्ये पडतात, मग वॉकरने, मग जिन्यावर.

ताण देण्याची क्रिया संथ असते. व्रणाला आधी तेल किंवा मलम लावून मऊ करतात. जखम पूर्ण भरलेली असेल तर मेणाचा शेकही देतात. मग सांधा सावकाश सरळ करत नेतात. व्रण पांढरट पडू लागला की तो पुरेसा ताणला गेला असे समजतात; तिथेच थांबून काही काळ धरून ठेवायचे, झटका द्यायचा नाही. झटक्याने व्रण फाटतो, फाटलेली जागा भरताना पुन्हा आकसते, आणि सांध्याभोवती सूज येऊन आधीचे कष्ट वाया जातात. जोराच्या एका तासापेक्षा दिवसभरात विभागलेली थोडी थोडी मिनिटे अधिक उपयोगी पडतात. ताणून मिळालेला कोन रात्री स्प्लिंटने राखायचा, नाहीतर सकाळी पाय पुन्हा कालच्याच जागी असतो. फारच आखडलेल्या गुडघ्याला प्लास्टर घालतात, काही दिवसांनी काढून थोडा अधिक सरळ कोन साधतात आणि पुन्हा घालतात. दाबाचे कपडे अंघोळीचा वेळ सोडून दिवसरात्र घालायचे असतात. दमट उकाड्यात, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत हे किती कठीण आहे हे समजून घ्यायला हवे. उन्हाळ्यात रुग्ण ते काढून ठेवतात याचे नवल नाही.

आपल्याकडे पुरेसे वाकणे म्हणजे किती, हेही वेगळे ठरते. सपाटीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, जिना चढताना ९०च्या आसपास. उकिडवे बसायला मात्र १३०हून अधिक अंश लागतात आणि टाच जमिनीला टेकलेली राहावी लागते. खुर्ची, कमोड आणि मोटार वापरणाऱ्याला जो गुडघा बरा झालेला वाटेल, तो चाळीच्या सामाईक शौचालयात अपुरा पडतो. मांडी घालून जेवायला बसणे, विळीवर भाजी चिरणे, भाताच्या लावणीत वाकणे, कल्याण जंक्शनचा पूल चढणे आणि फलाटापासून उंच असलेल्या डब्यात पाऊल टाकणे, या कसोट्यांवर इथला उपचार तपासावा लागतो. ज्या केंद्रांत रुग्णाला त्याचे घर आणि काम विचारून व्यायाम ठरवतात, तिथला उपचार खरा.

गृहिणी आणि मुले यांच्याबरोबर या पट्ट्यात तिसरा रुग्णवर्ग आला तो कामगारांचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत, आणि डोंबिवलीची वसाहत १९६४ची. रंग, रसायने, बॉयलर, वाफेच्या नळ्या आणि आम्ल यांच्याशी रोज काम करणाऱ्यांची वस्ती इथे वाढली. कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४मध्ये सुरू झाली होती. पुढे वागळे इस्टेट आणि उल्हासनगर इथे तिची रुग्णालये झाली. विमा असलेल्या कामगाराला उपचाराच्या काळात काही वेतन मिळते, म्हणून तो महिनोन्‌महिने व्यायामाला येऊ शकतो. कंत्राटी कामगाराला ही सोय बहुधा नसते. जखम भरली की तो कामावर जातो आणि गुडघा आखडत जातो. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये झालेल्या स्फोटात १२ जण दगावले आणि दीडशेहून अधिक जखमी झाले. २३ मे २०२४ला त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. अशा वेळी बातम्या मृतांच्या आकड्यापाशी थांबतात. वाचलेल्यांचा पुढचा दीड-दोन वर्षांचा उपचार कोणाच्या नजरेत नसतो.

रेल्वेच्या विजेने भाजणे हा आणखी एक प्रकार. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरचा १,५०० व्होल्टचा प्रवाह टप्प्याटप्प्याने बदलून २०१५पर्यंत २५,००० व्होल्टचा झाला. डब्याच्या टपावर चढणाऱ्याला तारेला हात न लावताही धक्का बसू शकतो. वीज कातडीखालचे स्नायू आणि नसा जाळत जाते. तिथे ताण-उपचाराला मर्यादा पडतात, पुष्कळदा पाय कापावा लागतो आणि प्रश्न कृत्रिम पायाचा होतो.

उपचाराची केंद्रे हळूहळू रुग्णांच्या जवळ आली. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडून १९९२मध्ये ठाणे महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऐरोलीला डॉ. सुनील केसवानी यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल बर्न्स सेंटर उभे राहिले. भाजलेल्यांसाठीच असलेल्या या रुग्णालयात शस्त्रक्रिया, त्वचापेढी आणि पुनर्वसन एकत्र आहे. ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत असे रुग्णालय होणे ही या इतिहासातली मोठी घटना आहे. राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना २०१३च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात लागू झाली आणि २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्यात जळिताचे उपचार आहेत. पण योजनांची रचना रुग्णालयातल्या मुक्कामाभोवती असते. घरी गेल्यानंतरचे स्प्लिंट, दाबाचे कपडे आणि रोजचा फिजिओथेरपिस्ट यांचा खर्च बहुतेक घरालाच करावा लागतो. म्हणून जाणते उपचारक रुग्णाला घरी सोडण्याआधी आईला, बहिणीला किंवा नवऱ्याला बसवून ताण कसा द्यायचा ते हातात हात धरून शिकवतात.

उशीर झालेल्या, पूर्ण आखडलेल्या गुडघ्याला व्यायाम पुरत नाही. मग शस्त्रक्रिया करून व्रणाची पट्टी कापतात, पाय सरळ करतात आणि मोकळ्या पडलेल्या जागी मांडीची किंवा इतर ठिकाणची त्वचा लावतात. पट्टी अरुंद असेल तर ‘झेड’ आकाराचे छेद घेऊन तिची लांबी वाढवतात. वर्षानुवर्षे वाकलेल्या गुडघ्यामागच्या रक्तवाहिन्या आणि नसाही आखूड झालेल्या असतात, म्हणून पाय एका बैठकीत पूर्ण सरळ करता येतोच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर स्प्लिंट आणि ताण सोडला तर काही महिन्यांत गुडघा पुन्हा वाकतो. उपाय करूनही चालण्यात कायमचा दोष राहिला, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चलनवलनाच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. आम्लहल्ल्यातील पीडितांचा वर्गही त्या कायद्यात याच अपंगत्वात मोडतो.

मुलांच्या बाबतीत उपचाराची मुदत आणखी लांबते. हाड वाढते, व्रणाची कातडी त्या वेगाने वाढत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षी बंबाच्या पाण्याने पोळलेला आणि सरळ झालेला गुडघा आठव्या किंवा बाराव्या वर्षी पुन्हा वाकू लागतो. अशा मुलाचा पाय उंची वाढायची थांबेपर्यंत ठरावीक काळाने कोनमापकाने मोजतात, ताणाचे व्यायाम चालू ठेवतात आणि लागेल तेव्हा व्रण पुन्हा मोकळा करतात.